रडवणाऱ्या चित्रपटाचा रविवार

अंधारात माझ्यासमोर हुंदके देऊन रडलात, आणि दिवे लागताच शेजारच्याला म्हणालात, "काय पण ही रडारड!" नाक लाल, मुठीत रुमालाचा ओला बोळा, आणि तोंडानं माझी निंदा. एवढा खोटेपणा कशासाठी? खेळ चालू असताना तंबूत शिरणारी कुत्रीसुद्धा तुमच्यापेक्षा बरी. कंटाळा आला की ती सरळ उठून जायची.

मी एक रडवणारा चित्रपट बोलतोय. नाव सांगत नाही. जाहिरातीत माझ्या नावाखाली 'सोबत दोन रुमाल आणावेत' असं छापायचे, एवढी ओळख पुरे.

माझा जन्म मुंबईच्या एका लॅबोरेटरीत झाला. रसायनांच्या टाकीतून ओलाच बाहेर आलो, वाळलो, आणि तीन रिळं होऊन पत्र्याच्या तीन डब्यांत बसलो. माझ्या पोटात एक शिंपी आहे आणि त्याची आई नसलेली मुलगी. तो तिला वाढवतो, शिकवतो, आणि शेवटच्या रिळात ती लग्न होऊन दूरदेशी निघते. गोष्ट एवढीच.

सुरुवातीची वर्षं फिरत्या सिनेमाच्या तंबूंत गेली. कराड, विटा, तासगाव. मधे कनात, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. पडद्यावरचा उजेड माघारी फिरून लोकांच्या चेहऱ्यांवर पडतो, त्यामुळे मला सगळं दिसायचं. बाया मोकळेपणानं डोळ्यांना पदर लावायच्या. पुरुष मात्र मुलगी निघायच्या आधीच विड्या पेटवायचे, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं खापर धुरावर फोडता यायचं. या माणसांना रडायलासुद्धा कारण दाखवावं लागतं, याची मला तेव्हापासून चीड आहे.

एकसष्ट साली मला बोटीत चढवलं. परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांना दाखवायला म्हणून मी जर्मनीला, बॉनच्या वकिलातीत पोचलो. तिथं माझ्या शेजारी एक विनोदी चित्रपट ठेवलेला होता. नोव्हेंबरात आम्हा दोघांनाही रेल्वेनं डार्मश्टाटला धाडलं. तिथल्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मंडळींना दिवाळीचा कार्यक्रम करायचा होता. दिवाळी होऊन गेली होती, पण हॉल त्याआधी मिळत नव्हता.

मंडळाचा अध्यक्ष होता श्रीनाथ. विजेच्या इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, गळ्यात मफलर, बोलणं भाषणासारखं. आम्हाला घ्यायला तो स्टेशनवर आला तेव्हा प्रोजेक्टर चालवणारा दत्तात्रय बरोबर होता.

"हा विनोदी लावू," श्रीनाथ म्हणाला. "तो रडका डब्यातच राहू दे. इथले प्रोफेसर येणार आहेत. आपण धरणं बांधतोय, पोलाद गाळतोय, आणि यांना काय दाखवायचं? नाक शिंकरणारा शिंपी?"

"धरणातही पाणीच असतं, अध्यक्षमहाराज," दत्तात्रय म्हणाला.

त्या दिवसापासून श्रीनाथच्या खोलीत मी टेबलाखाली होतो. माझ्यावर पाय ठेवून तो नव्या भारतावरचं भाषण पाठ करायचा.

आता लतिकाविषयी सांगायला हवं. जे सांगतोय ते मला कार्यक्रम संपल्यावर कळलं, पण तुम्हाला आधीच माहीत असू दे. लतिका सांगलीची. दोन वर्षांपूर्वी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आली होती. मंडळात तिच्याइतकं चांगलं जर्मन कोणाचंच नव्हतं, म्हणून चित्रपट चालू असताना मायक्रोफोनवरून जर्मनमध्ये गोष्ट सांगायचं काम तिच्याकडे होतं.

तिचे वडील सप्टेंबरात गेले. पत्र आलं तेव्हा तेराव्याचे विधीसुद्धा उरकले होते. मंडळात तिनं कोणाला सांगितलं नाही. घरमालकीण फ्राऊ लिंडनर यांना तेवढं कळलं, कारण पत्र त्यांनीच वर आणून दिलं होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला, रीतीप्रमाणे दोन शब्द बोलल्या आणि खाली गेल्या. लतिका रडली नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेली.

रडली नाही, कारण ती वडिलांवर रागावलेली होती. घरातून निघाली त्या सकाळी टांगा दारात उभा, आई ओवाळतेय, शेजारपाजार जमलेलं, आणि वडील अंगणात घमेल्यात पाणी घेऊन सायकलची ट्यूब बुडवत बसलेले. "पंक्चर काढायचंय, तू नीघ," एवढंच म्हणाले. वर पाहिलंसुद्धा नाही. लतिकाच्या मनात ते तसंच राहिलं. माझ्यापेक्षा सायकल मोठी. आणि आता भांडायलाही माणूस उरला नव्हता.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. दुपारी हॉलच्या दारावर श्रीनाथनं पोस्टर लावलं, लतिका आणि दत्तात्रय बरोबर होते. त्यावर एक जाडा माणूस बत्तीस दात दाखवून हसत होता. तेवढ्यात इमारतीची देखरेख करणारे हाउसमाइस्टर, हेर श्टाइन, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. त्यांनी पोस्टर पाहिलं, श्रीनाथकडे पाहिलं, परत पोस्टर पाहिलं.

"हे आज?"

"हो, आज. पाच वाजता."

"आज टोटेनसोनटाग आहे."

श्रीनाथनं मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. लतिकाच्या मात्र लक्षात आलं. नोव्हेंबरातला हा एक रविवार इथं मृतांचा असतो. लोक सकाळी कबरस्तानात जातात, पुष्पचक्रं ठेवतात. नाच नाही, तमाशा नाही, करमणूक नाही. एरवी कधी न मिळणारा हॉल नेमका याच रविवारी रिकामा कसा, हे आमच्या मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"लाखेन, आज नाही," हेर श्टाइन म्हणाले. हसणं आज बंद. "गंभीर काही असेल तर बघा. नाहीतर मी कुलूप लावतो."

श्रीनाथचा चेहरा पोस्टरच्या अगदी उलट झाला. पाहुणे येऊ लागले होते. प्रोफेसर, त्यांच्या बायका, घरमालकिणी. सगळे काळ्या कपड्यांत. फ्राऊ लिंडनर काळी टोपी घालून आल्या आणि श्रीनाथचा हात दाबून म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम आजचा दिवस निवडलात. आमच्या माणसांची आठवण ठेवलीत. फार बरं वाटलं."

श्रीनाथ पोस्टरच्या पुढे उभा राहिला, म्हणजे ते झाकलं जाईल.

"लतिकाबाई," तो मराठीत पुटपुटला, "आता काय करायचं?"

"तो दुसरा आणा," दत्तात्रय मधेच म्हणाला. "तुमच्या पायाखालचा."

"तो? पण लतिकाबाईंनी तो पाहिलेलासुद्धा नाही. त्या सांगणार काय?"

"समोर दिसेल ते सांगेन," लतिका म्हणाली. "कसला आहे?"

"बाप-मुलीचा आहे. पाठवणी वगैरे," श्रीनाथ म्हणाला. "अहो, तुम्हाला चालेल ना? तुम्ही एकदम पांढऱ्या पडलात."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. समोर काळ्या कपड्यांतली माणसं बाकांवर बसत होती.

"बरं, लावा," ती म्हणाली.

श्रीनाथ धावत जाऊन माझे तिन्ही डबे घेऊन आला.

दोन रिळं तिनं छान सांगितली. आवाज कोरडा, नेमका, प्रयोगाची निरीक्षणं नोंदवावीत तसा. "शिंपी मुलीला अक्षरं शिकवतो आहे. कापडावर खडूनं." रीळ बदलताना दिवे लागले, तेव्हा विद्यार्थ्यांनी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. टाळ्या वाजवायची इथली तऱ्हा ती अशी. श्रीनाथ खुशीत आला.

मग तिसरं रीळ लागलं. मुलगी निघाली. गाडी दारात, बायका गहिवरलेल्या, आणि बाप कुठं दिसत नाही. मुलगी खिडकीशी येते. आत बाप पाठमोरा मशीनवर बसलेला आहे, पाय पायडलवर. मशीन खडखडतंय.

"बाप शिवतो आहे," लतिका जर्मनमध्ये म्हणाली. "मुलगी चालली आहे आणि तो काम करतो आहे."

तिच्या आवाजातला राग मला ऐकू आला. तो माझ्या शिंप्यावरचा नव्हता.

मग माझ्या कॅमेऱ्यानं जे केलं ते तो प्रत्येक खेळाला करतो. मुलीच्या खांद्यावरून हळूहळू पुढं सरकला, बापाच्या हातांपर्यंत गेला, सुईपर्यंत. सुई वरखाली होतेय. सुईखाली काहीच नाही.

"कापड..." लतिका म्हणाली. "मशीनमध्ये कापडच..."

हॉलमध्ये मशीनची खडखड तेवढी राहिली. मग लाउडस्पीकरमधून तिचा आवाज आला, मराठीत, अगदी हळू. "बुडबुडे नव्हते. पाण्यात बुडबुडे येतच नव्हते."

प्रोजेक्टरपाशी दत्तात्रय श्रीनाथच्या कानाशी लागला. "हे कुठल्या रिळात आहे?"

लतिका टेबलावर डोकं ठेवून रडत होती आणि मायक्रोफोन चालू होता. तिचं रडणं साऱ्या हॉलमध्ये ऐकू जात होतं. ट्यूब धड होती. पंक्चर नव्हतंच. वर पाहिलं असतं तर त्या माणसाला रडू फुटलं असतं, आणि मग मुलीचा पाय निघाला नसता. दोन वर्षं ती ज्याला बेपर्वाई समजत होती ते रडणं होतं.

श्रीनाथ मायक्रोफोन बंद करायला निघाला. मधल्या रांगेपाशी त्याची पावलं थांबली. पडद्याच्या उजेडात त्यानं माणसं पाहिली. या शहराचा मोठा भाग युद्धात एका रात्रीत जळून गेला होता. इथल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी मातीत होतं, आणि सकाळी कबरीपाशी सगळे ताठ उभे राहून आले होते. आता एक प्रोफेसर चष्मा काढून बसले होते. फ्राऊ लिंडनर यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि त्यांचे गाल ओले होते, त्या पुसत नव्हत्या. विडी नाही, धूर नाही, कारण नाही. श्रीनाथ तिथंच, दोन रांगांच्या मधे, खाली बसला.

मी संपलो. दिवे लागले. बाकांवर कोणी टकटक केली नाही.

त्यानंतर मी बरीच गावं पाहिली. ड्रेस्डेनला जायचं ठरलं होतं, पण ते पूर्व जर्मनीत, आणि बर्लिनची भिंत उभी राहिली होती, ते राहूनच गेलं. आज अडुसष्ट साल आहे आणि मी बॉनमध्ये एका तळघरात, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली आहे. अंगावर ओरखडे आहेत, कडेची भोकं फाटली आहेत, आवाज खरखरतो. आता मला लावायला कोणी मागत नाही. मंडळी शहाणी झाली आहेत, त्यांना विचार करायला लावणारे चित्रपट हवे असतात. जरूर पाहा. पण एक ऐका. रडणाऱ्या माणसाला कमअक्कल समजू नका. अश्रू स्वस्त असतात असं म्हणणाऱ्यानं ते कधी वर्षानुवर्षं अडवून धरलेले नसतात. उद्या मला कचऱ्यात टाकतील, त्याचं दुःख नाही. तुमच्या अंगणातला कोणी माणूस मान खाली घालून भलत्याच कामात गुंतलेला दिसला, तर जवळ जाऊन त्याच्या हातांखाली काय आहे ते पाहा. एवढं माझ्यासाठी करा.

त्या रविवारचं थोडं सांगायचं राहिलं. हॉलला कुलूप लागणार होतं. दत्तात्रयकडे प्रोजेक्टर होता, श्रीनाथनं माझे दोन डबे उचलले, आणि तिसरा लतिकानं रात्रीपुरता घरी न्यायचा असं ठरलं. डबा जड होता, म्हणून फ्राऊ लिंडनर यांनी त्याला बांधलेल्या पट्ट्याचं दुसरं टोक धरलं. बाहेर थंडी होती. दोघी ट्रामच्या थांब्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मग लतिकाच सांगू लागली. टांगा, घमेलं, आईचं ओवाळणं, वडिलांची मान. जर्मन अडलं की मराठी शब्द यायचा, आणि फ्राऊ लिंडनर थांबवत नव्हत्या. सांगता सांगता लतिका सायकलीपर्यंत आली होती, तेवढ्यात ट्राम आली आणि दार उघडलं. लतिकानं पायरीवर पाय ठेवला.

फ्राऊ लिंडनर जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पट्टा आपल्याकडे ओढला.

"ही जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ट्रामनं घर फार लवकर येतं."