दोनचा आकडा

“जोरात नाही काका, सावकाश. अजून… अजून… बास.”

वेल्डरकाकांनी नळी तोंडातून काढली. श्वासातला धुराचा वायू मोजणाऱ्या यंत्रावर एकोणीस आले. सिगारेट सुटली असं लिहायला आकडा दहाच्या आत हवा होता.

“काल पाच ओढल्या,” काका ओशाळून म्हणाले. “खोटं कशाला बोलू?”

समुपदेशिकेने त्यांना धीर देऊन पाठवलं आणि दार लोटून घेतलं. चार आठवड्यांत ज्याची सुटली, त्याचेच पैसे व्यसनमुक्ती केंद्राला सरकारकडून मिळत. बाकीच्यांवरची मेहनत पाण्यात. सकाळीच साहेबांनी सुनावलं होतं, “या महिन्यात एक जरी कमी पडला, तर कुणाला तरी घरी बसावं लागेल.” सगळ्यांत नवी तीच होती. तिने नळी बदलली आणि स्वतःच फुंकली. दोन. काकांच्या नावापुढे तिने दोन लिहून टाकले.

महिन्याभराने काका परत आले.

“मॅडम, त्या दंडावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या अजून मिळतील का? या खेपेला नेटाने बघतो.”

नाव टाकताच पडद्यावर उमटलं : यशस्वी. सहा महिने नवी नोंद करता येणार नाही.

“नाही मिळणार, काका. तुमची… सुटली असं लिहिलंय.”

“माझी?” काका गोंधळले. “एकोणीस म्हणाला होतात ना? का माझ्याच ऐकण्यात चूक झाली? असेल, असेल.”

चूक आपल्याच पदरात घेऊन तो माणूस उठायला लागला, तेव्हा तिला राहवेना.

“लिहिलेला आकडा माझा होता, काका. नळीत मीच फुंकलं. नोकरी जाईल म्हणून.”

काका पुन्हा बसले. हातांवरच्या ठिणग्यांच्या डागांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“मला वाटायचं, इथे तरी खरं बोललेलं चालतं.”

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. साहेबांनी आधी दार लावलं, मग आवाज चढवला. नोंद दुरुस्त झाली. उद्यापासून येऊ नकोस, हेही ऐकावं लागलं. पट्ट्यांचं खोकं घेऊन ती काकांकडे परत आली.

“बायको बाहेर बसलीय,” खोकं घेत काका म्हणाले. “तुम्हाला भेटायचंय म्हणते. यातलं काही मी तिला सांगणार नाही.”

काकू आत आल्या. “तुम्ही यांना कधी टाकून बोलला नाहीत, म्हणून हे परत यायला तयार झाले हो.”

समुपदेशिकेने आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली आणि स्वतः भिंतीशी उभी राहिली.