मुकादमाचं ताट

"तात्या, ताट वढा की. गार व्हाया लागलंय."

गोटीरामनं ताट पुढे सरकवलं. मानसिंगनं बघितलं. रश्श्यावर लाल तवंग आणि मधोमध बोकडाच्या गुर्द्याभोवतीचा चरबीचा गोळा. पांढरा, लिबलिबीत, भिजलेल्या साबणाच्या वडीसारखा. कडेनं थिजायलाही लागलेला.

घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत टोळीची आठ माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. सगळे साताऱ्याकडचे, सगळे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती उचलणारे. दर साली गावची जत्रा झाली की इथं बोकड पडायचा. चरबीचा गोळा मुकादमाचा. सगळ्यांसमोर त्यानं तो खाल्ला की पुढचं वर्षभर मुकादमी त्याची. कागद नाही, सही नाही. कुठल्या ट्रकवर कोण चढणार, कोण काय उचलणार, ते तोच ठरवणार. अठरा वर्षं मानसिंगनं हा गोळा असा गिळला होता की बघणारे टाळ्या पिटायचे.

पण यंदा, शहाण्णवच्या जत्रेआधी दोन महिने, भर मार्केटात पाठीवर पोतं असताना त्याची छाती आवळली. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म दाखवली. हृदयाची नळी मधेच उंदरानं कुरतडल्यासारखी.

"नळीला आतून पातळ अस्तर असतं, काका," बाई म्हणाल्या. "रोजची चरबी, वनस्पती तूप, वर बिडी. ते अस्तर बिघडलं. मग चरबी भिंतीत शिरली. पेशी ती गिळत बसल्या, फुगल्या आणि तिथंच मेल्या. त्यांचा ढीग झालाय हा."

"म्हंजी आत कुजलंय?"

"तसंच समजा."

तेव्हापासून वाटीत थिजलेलं तूप दिसलं तरी त्याला तो ढीग दिसायचा. आपल्या आतला. अठरा वर्षं स्वतःच्या हातानं रचलेला.

"आवं, नगा खाऊ," चुलीपाशी बसलेली त्याची बायको वेणूबाई हळूच म्हणाली.

गोटीरामनं ऐकलंच. "वैनी, ट्रकला ऑइल लागतं तशी मान्साला चरबी लागती. दोडका खाऊन पोतं उचलायचं व्हय?"

सगळे खी खी करून हसले. तोंडं तेलकट, मिशांना रस्सा, बोटं चाटायचा चपचप आवाज. मानसिंगला शिसारी आली. आपणही असेच दिसत असू.

"ऑइल काढून बदलता येतं, गोट्या," तो म्हणाला. "ह्ये आत बसलं की बसलं. तुला तीस लागलं न्हाईत आजून आन् जिना चढताना धापा टाकतूस."

"वा तात्या! आता ग्यान व्हय?" ज्योतिबानं हाडाचा नळा ठोकता ठोकता तोंड वर केलं. "माझं नाक दाबून कुनी चारली हुती पयल्या दिशी? 'खा, न्हाईतर पोतं तुला उचलंल.' कोन म्हनलं हुतं?"

मानसिंगनंच म्हटलं होतं. ह्याला, त्याला, सगळ्यांना.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि गोळ्यात खुपसला. एक घास. एका घासानं कोण मरतं? आणि नाही खाल्ला तर? पोतं तर पाठीवर चढणार नव्हतंच. राहिली होती ती मुकादमी. ती गेली की मार्केटात त्याचं काय होतं?

घास ओठाशी आला. वास नाकात शिरला. आणि तोंडात चळकन पाणी सुटलं.

त्या पाण्याची त्याला जितकी घाण वाटली तितकी चरबीचीही वाटली नव्हती. ढीग साचलेली नळी बघून आलेला माणूस, आणि जीभ अजून कुत्र्यासारखी लाळ गाळते!

त्यानं घास ताटात टाकला. "मी न्हाय खात."

मग गोटीरामनं हात लांबवून ताट ओढलं. लाजायलाही थांबला नाही. "मान वाया कशाला घालवायचा?"

"गोट्या, नगं रं. मुकादमी घे, पर त्ये खाऊ नगं."

ऐकतो कोण? गोळा आख्खा आत गेला, ओघळ हनुवटीवरून गळ्यात उतरला. टाळ्या पडल्या. वेणूबाईनं नवऱ्यापुढं कोरडी भाकरी आणि मीठ ठेवलं. तो सगळ्यांबरोबर जेवला, सगळ्यांबरोबर उठला.

सोमवारी मार्केटात कांद्याचा ट्रक लागला. गोटीरामनं एकेक नाव पुकारलं. सहा नावं झाली आणि तो थांबला. मानसिंगकडं बघितलंच नाही.

मानसिंग आपणहून उठला. ट्रक आणि धक्क्याच्या मधे टाकलेली लाकडी फळी एका बाजूनं डुगडुगत होती. तो खाली बसला, दोन्ही हातांनी टोक दाबून धरलं, वर गुडघा ठेवला. माणसं पोती घेऊन त्याच्या बोटांशेजारून जाऊ लागली.

शेवटी गोटीराम आला, पाठीवर पोतं, मान खाली.

"तात्या, धरलीया न्हवं?"

"धरलीया," मानसिंग म्हणाला. "ये."