भिंतीला लावलेला हात

टीव्हीच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाची मुलं सिनेमा बघत नाहीत, हे ऐकून कुणालाही हसू येईल. दुकानातल्या सगळ्यांना येतच असे. त्यांच्यातला हा सर्वांत बोलका विक्रेता. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की कुठल्यातरी सिनेमातला प्रसंग असा रंगवून सांगायचा, की लहानसा टीव्ही बघायला आलेला माणूस भिंतभर मोठा घेऊन जायचा. म्हणून त्याला सगळे हिरो म्हणत. आणि या हिरोची थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, सिनेमा लागला की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

"पोरं माझ्यावर गेलीच नाहीत," असं तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

हिरोची आणखी एक खोड होती. त्याला वाहता नळ बघवत नसे. दुकानात कुणी हात धुताना नळ जरा मोठा सोडला, की हा मागून येऊन बंद करणार. घरी बायको भांडी घासायला बसली तरी तेच. पाणी जपून वापरणारा माणूस म्हणून त्याचं कौतुक होई आणि थट्टाही होई. तोही स्वतःला तसाच समजत असे.

एका रविवारी दुपारी मालकाने सगळ्या नोकरमाणसांना बायकामुलांसकट सिनेमाला नेलं. प्राण्यांचा सिनेमा होता, खास मुलांसाठीचा. हिरो खुशीत होता. पण दिवे गेले, आवाज चढला आणि धाकट्याने खुर्चीतच चड्डी ओली केली. थोरली तर पडद्याकडे पाठ करून खुर्चीवर गुडघे टेकून बसली. सगळं थिएटर हसत होतं आणि ती एकदा आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, एकदा बापाच्या हातांकडे. शेवटपर्यंत तिने मान वळवली नाही.

बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, "काय हिरो, तुझी पोरगी सिनेमा उलटा बघते वाटतं!" हशा पिकला. हिरोही हसला, पण बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि मुलांना जवळ ओढून घेतलं.

घरी हिरोची मोठी बहीण होती, मुलांची आत्या. ती परिचारिकांना शिकवायची आणि एका प्रशिक्षणासाठी चार दिवस भावाकडे उतरली होती. तिने दार उघडलं तर हिरो तडक आत शिरला, किल्ल्या टेबलावर फेकल्या आणि बायकोला म्हणाला, "चारचौघांत लाज काढली माझी. तू लाडावून ठेवलंयस दोघांना. आत ये, बोलायचंय."

मग जे झालं ते आत्या पहिल्यांदाच बघत होती. बायकोने धाकट्याचे कपडे बदलले, दोन्ही मुलांना बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसवलं, टीव्हीवर सिनेमा लावला, आवाज चांगला मोठा केला आणि "संपेपर्यंत आत यायचं नाही हं" असं सांगून स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. पाहुण्यांसाठी चहा ठेवावा इतक्या सवयीने तिने हे सगळं केलं.

वाचकहो, हा त्या घराचा शिरस्ता होता. मुलांसमोर भांडायचं नाही, त्यांच्या कानावर काही वेडंवाकडं पडू द्यायचं नाही, असं नवराबायकोने थोरली रांगत होती तेव्हाच ठरवलं होतं. शब्दांनी सुरू होणारं भांडण पुढे हातावर जायला लागलं, तरी शिरस्ता तोच राहिला. आपण चांगले आईबाप आहोत, असं हिरोला मनापासून वाटत होतं.

आत्या मुलांपाशीच बसली होती. पडद्यावर बदकं नाचत होती आणि आवाज इतका मोठा होता की काचा थरथरत होत्या. धाकट्याने उशीत तोंड खुपसलं. थोरली मात्र उठली, स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीपाशी गेली आणि तिने भिंतीला तळवा लावला. आत्याला वाटलं, काहीतरी खेळ असेल. ती जवळ जाऊन म्हणाली, "काय करतेस गं?"

"थांब ना आत्या. आत्ताच एकदा हलली."

"काय हललं?"

"भिंत. आई आपटली की हलते. सिनेमात ऐकू येत नाही ना, म्हणून हात लावून बघायचं. थोडा वेळ हलते, मग थांबते. मग बाबा बाहेर जातात."

"आणि नाही थांबली तर?"

थोरलीने पहिल्यांदा मान वळवली. "तेव्हा काय करायचं ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

आत्याने टीव्ही बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली आणि पलीकडून थप्पड ऐकू आली. ती तशीच दार उघडून स्वयंपाकघरात गेली. भावजय भिंतीला टेकून गालावर हात धरून उभी होती.

"ताई, तू मध्ये पडू नकोस," हिरो म्हणाला. "हे आमच्या दोघांतलं आहे. मुलांना यातलं काही ठाऊकसुद्धा नाही."

आत्या सरळ बेसिनपाशी गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो भांड्यांवर पडायला लागलं. तेवढ्या रागातही हिरो पुढे आला आणि त्याने नळ बंद केला. तिने पुन्हा सोडला, त्याने पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा मात्र तिने त्याचं मनगट धरलं.

"का बंद करतोस?"

"पाणी वाया जातंय."

"पाण्याचं सोड. तुला घाम फुटलाय, तो कशाने?"

हिरोने मोकळ्या हाताने कपाळ पुसलं. नळ वाहतच होता.

"बाबांचा आवाज चढला की आई आपल्याला न्हाणीघरात पाठवायची, आठवतं?" आत्या म्हणाली. "नळ मोठा सोडा आणि बादल्या भरा, म्हणायची. बादल्या भरून वाहायच्या, तरी बंद करायचा नाही. तू कानांवर हात ठेवून माझ्या मांडीत शिरायचास. पोरांना काही कळत नाही, असं तिलाही वाटायचं. तुझा धाकटा आज आहे ना, तेवढाच होतास तू. तुला नळ सोसत नाही, त्यांना सिनेमा सोसत नाही. त्या भिंतीला पलीकडून हात लावून उभी असते तुझी मुलगी. आई किती वेळा आपटली ते मोजत."

हिरोने दाराकडे पाहिलं. थोरली धाकट्याचा हात धरून उभी होती.

"बाबा, आता सिनेमा नको," धाकटा म्हणाला. "मी गप्प बसतो."

हिरो खाली बसला. ज्या बापासारखं आपण कधी व्हायचं नाही असं त्याने आयुष्यभर स्वतःला बजावलं होतं, तोच बाप याच स्वयंपाकघरात उभा होता! तो रडला. बायकोकडे बघून म्हणाला, "माफ कर मला."

"दरवेळी मागतोस," बायको म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "सिनेमा संपला की मागतोस. मी मुलांना घेऊन ताईंबरोबर त्यांच्या घरी जातेय. परत यायचं की नाही, ते मी ठरवीन. तू काय बोलतोस त्यावरून नाही, काय करतोस ते बघून."

आणि ती गेली. बॅगा खाली नेऊन द्यायला हिरो आला, तेव्हा थोरली त्याच्या आणि आईच्या मधे चालत होती.

सगळं गोड झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. हिरो समुपदेशकाकडे जायला लागला, आधी लाजत, मग नियमाने. आपण कुणाला मारतो, हे त्याने तिथे तोंडाने कबूल केलं. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी बायको परत आली, तीही स्वतःच्या अटींवर. त्या घरात आता कुठलंच दार ओढून घेतलं जात नाही आणि हात उचलला जात नाही. पण स्वयंपाकघराच्या भिंतीजवळून जाताना थोरली अजूनही एक क्षण थांबते, तळवा टेकवते आणि मग पुढे जाते. हिरो ते बघतो.

आपल्या घरातलं एखादं मूल सगळ्यांना आवडणाऱ्या गोष्टीला घाबरत असेल, तर त्याला हट्टी, वेडगळ म्हणून मोकळे होऊ नका. ती गोष्ट चालू असताना घरात आणखी काय चालू असतं, ते आधी तपासा. आणि मार मुलांच्या कानावर जाऊ नये म्हणून कुणी सोयी शोधत असेल, तर त्याने एवढंच करावं, हात खाली घ्यावा. मुलांना ऐकू येतं. आपण ऐकू येऊ दिलं नाही, तर ती भिंतीला हात लावतात.