रागिणीबाईंचा कूलर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका अरुंद गल्लीत नारायण पत्रेवाल्याने ठोकून ठोकून मला घडवले. कारेलीबागेत बळवंतराव आणि निरुपमाताईंच्या घरी मी वीस उन्हाळे काढले. पूर्वी पाहुणे माझ्यासमोरच्या जागेसाठी भांडत. मग एसी आला आणि मी मागच्या गॅलरीत गेलो. माझ्या डोक्यावर कांद्यांची टोपली आली.

निरुपमाताई कादंबऱ्यांचे अनुवाद करतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे आइसलँडची एक लेखिका राहायला आली. तिचे नाव राग्नहेइदुर. ते कुणालाच जमेना, म्हणून पोळ्या करणाऱ्या चिमणाबाईंनी तिची रागिणीबाई करून टाकली.

ही लेखिका कोळ्याची मुलगी. मासे साफ करण्याच्या कारखान्यात कामाची पाळी संपली की गारठलेल्या बोटांनी तिने पहिली कादंबरी लिहिली. पुढच्या तीन कादंबऱ्यांनी नाव झाले. पाचवी मात्र वडील गेल्यापासून अडली होती. जागा बदलली तर सुचेल, या आशेने ती बडोद्याला आली. पण एसीच्या गारव्यातही कागद कोराच राहिला.

"मी उद्या परत जाते," एका दुपारी ती म्हणाली. निरुपमाताईंचा चेहरा उतरला.

नेमका तेव्हाच एसी बंद पडला. बळवंतरावांनी मला ओढत आत आणले. बटण दाबताच मी सुरू झालो : घर्र-टक्, घर्र-टक्!

"माफ करा, फार जुना आहे," ओशाळून त्यांनी पुन्हा बटणाकडे हात नेला.

"थांबा!" ती ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबांच्या होडीचं इंजिन असंच वाजायचं. लहानपणी मी त्याच्या शेजारी झोपायचे."

त्या दुपारी तिने अकरा पाने लिहिली. एसी दुरुस्त झाला, तरी तिला मीच हवा असे.

बळवंतराव रिफायनरीतून निवृत्त झालेले. खडखडणारे यंत्र पाहिले की त्यांचे हात शिवशिवत. एकदा ती खंडेराव मार्केटात आंबे आणायला गेली असता त्यांनी गुपचूप मला तेल घातले, स्क्रू आवळले. माझा आवाजच गेला. परत येऊन ती लिहायला बसली, उठली, पुन्हा बसली.

"बाबा गेले," ती हळूच म्हणाली.

"अहो, काय केलंत हे?" निरुपमाताई कडाडल्या.

"दुरुस्त केला!"

"मग बिघडवा!"

नीट चालणारे यंत्र बिघडवायला त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. दुपारभर ते घाम गाळत एकेक स्क्रू सैल करत होते आणि विचारत होते, "टक् जरा उशिरा हवं का?" ती डोळे मिटून ऐके आणि मान हलवून नाही म्हणे. चहाच्या वेळेला कुठे आवाज जुळला.

कादंबरी पुरी करून ती मायदेशी गेली. हिवाळ्यात त्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद आला. निरुपमाताईंनी शेवटचे प्रकरण मराठीत उतरवून मोठ्याने वाचले. त्यात मुलगी वडिलांची होडी एकटीच समुद्रात नेते. जन्मात कादंबरी न वाचलेले बळवंतराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"इंजिन अगदी बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या. पाणी बदला, जाळ्यांतला वाळा बदला, तेलही घाला. फक्त त्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा.