मूर्तिजापूर रोडवरचं धुकं

मे महिन्यात अकोल्याच्या आसपास धुकं पडत नाही, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. पण मूर्तिजापूर रोडवर, एका ढाब्याच्या मागे, काल-परवापर्यंत कपाशी असलेल्या वावरात ‘गूढगड’ नावाचा तिकिटाचा किल्ला उभा राहिला आहे आणि तिथे ते रोज सकाळी अकरा ते रात्री नऊ पडतं. माझ्या नवऱ्याला, प्रीतमला, ते बघायचंच होतं. त्याच्या ऑफिसातले सगळे जाऊन आले होते.

बुरुजांवर शेवाळ रंगवलेलं होतं. रंगवणाऱ्याने मन लावून काम केलं होतं, पण ते चारही बाजूंना सारखंच होतं, जिथे दिवसभर ऊन तापतं तिथेसुद्धा. तटाला मोजूनमापून भेगा पाडलेल्या आणि प्रत्येक भेगेतून एकेक प्लास्टिकचं पिंपळाचं रोप. बाहेर चव्वेचाळीस अंश. माझ्या सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, माठ घेताना वाजवतात तशी बुरुजावर बोटं वाजवून पाहिली.

“पोकळ हाये,” त्या म्हणाल्या.

“आई, मजा घ्यायची असते,” प्रीतम म्हणाला.

दारात नऊवारी नेसलेली एक मुलगी होती. गजऱ्याच्या आडून कानातली वायर दिसत होती. छातीवर ‘पायल’ अशी पट्टी. “गडावर आपलं स्वागत असो, सरदार!” असं ती प्रीतमला म्हणाली आणि तो खरोखर ताठ झाला. मोबाईल, पर्स, घड्याळं, सगळं तिने काढून घेऊन कप्प्यात ठेवलं. आजच्या काळातली एकही वस्तू आत न्यायची नाही, नाहीतर वातावरण जातं. माझ्या कुर्त्याच्या खिशातला निळा पंप तिला दिसला.

“हे काय?”

“माझ्या मुलीला दमा आहे. हा राहणार.”

“ताई, आधुनिक वस्तू...”

“मुलगीही आधुनिकच आहे. सहा वर्षांची. तिलाही इथेच ठेवू का?”

पंप खिशातून बाहेर काढायचा नाही, या अटीवर सोडलं. मग मी विचारलं, “आत धूर आहे का?”

“धूर नाही ताई, धुकं आहे. चिखलदऱ्यासारखं!”

“कशाचं बनवता?”

“आत जाऊन अनुभवा ना.”

“मधूनच बाहेर यायचं झालं तर दार कुठे?”

ती गोड हसली. “ते सांगितलं तर गंमतच जाईल.”

“दीक्षा,” प्रीतम दबक्या आवाजात म्हणाला, “सगळीकडे तुझी तपासणी. पोरीला जरा जगू दे.”

मैत्री, माझी लेक, माझं बोट धरून उड्या मारत होती. शाळेच्या सहलीला मी तिला पाठवलं नव्हतं, शेजारच्या वाढदिवसाला फुगे फुटायच्या आत घरी आणलं होतं. मी तिला घेऊन रांगेत शिरले. त्या क्षणी तिथून परत फिरले नाही याचा राग मला अजून येतो, आणि तो मी प्रीतमवर काढते.

आम्ही तीसेक जण भुयारात शिरलो. अंधारातून घोगरा आवाज आला: आता तुम्ही चारशे वर्षांमागे आला आहात. यापुढे जे दिसेल, जे ऐकू येईल, तो सगळा खेळाचाच भाग आहे. भिऊ नका, प्रश्न विचारू नका. लोक खूश. घरी नवऱ्याचा, दुकानात दुकानदाराचा, टीव्हीवर कोणाकोणाचा शब्द न तपासता मानणारी माणसं इथे तेच करायला रांग लावून आली होती.

पहिल्या दालनात सांगाडा होता. त्याच्या डोळ्यांत लाल दिवे. चारशे वर्षांपूर्वीचे. दुसऱ्या दालनात धुकं सुरू झालं. त्याला लोबानाचा वास होता, वर कसलासा गोडसर, औषधी दर्प. आणि ते वरून उतरत नव्हतं. भिंतीच्या तळाशी दगडासारख्या रंगवलेल्या जाळ्या होत्या, तिथून येत होतं. सहा वर्षांच्या मुलीचं नाक असतं, नेमकं त्या उंचीवर.

मैत्री खोकली. आया खोकले ओळखतात. हा सर्दीचा नव्हता. मी तिला उचललं, पंपाचे दोन दाब दिले. तिचे खांदे वर-खाली होऊ लागले. अंधारात मला दिसत नव्हतं, म्हणून मी तिच्या गळ्याखाली बोट ठेवलं. प्रत्येक श्वासाला तिथली कातडी आत ओढली जात होती.

“प्रीतम, बाहेर काढ आपल्याला.”

“अगं, संपतच आलंय. दोन मिनिटं. सगळ्यांचा सीन खराब होईल.”

“सीन?” मी म्हणाले. फक्त एवढंच, पण तो ते अजून विसरला नसावा.

तिसऱ्या दालनात आम्ही शिरलो आणि आलो ते दार धाडकन लागलं. समोर भालाईत उभा होता. टोकदार टोप, चिकटवलेल्या मिशा. त्याच्या मागे नुसता दगड. चारही बाजूंना दगड. बाहेर जायची हिरवी पाटी कुठेच नव्हती, कारण हिरव्या पाटीने वातावरण जातं.

“थांबा!” तो गरजला. “परवलीचा शब्द सांगितल्याविना हे कवाड उघडणे नाही!”

मी पुढे झाले. अमरावतीच्या कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेला माझा आवाज. लग्नानंतरही मी भाषा बिघडू दिली नाही, सासूबाईंसमोर नाही, भाजीवालीसमोर नाही. त्याच आवाजात, त्याच भाषेत मी ओरडले, “माझ्या मुलीचा श्वास कोंडतो आहे! कृपा करून दार उघडा! मी आपल्या पाया पडते!”

मग टाळ्या पडल्या.

“वा!” मागून एक गृहस्थ म्हणाले. “ही यांचीच आर्टिस्ट दिसते.”

“लेकरालाही काय छान शिकवलंय,” एक बाई म्हणाली. “बघा ना, कशी धापा टाकतेय.”

भालाईतही गोंधळला. त्याला वाटलं, वरून नवीन प्रवेश घातला आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही. तो पुन्हा गरजला, “बाईसाहेब, परवलीचा शब्द!”

आता प्रीतमने मैत्रीचं तोंड पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा सरदार कुठल्या कुठे गेला. तो भिंतीवर मुठी मारू लागला. “खोला! अरे, खोला!” भिंत ढोलासारखी वाजली आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. एका पोराने शिट्टी मारली. सासूबाई सगळ्यांना हातांनी मागे लोटत होत्या, “हटा, हटा बाप्पा, हवा येऊ द्या,” पण धूर खालूनच येत होता.

मग मी कोणत्या भाषेत बोलायचं ते ठरवलं नाही. ते आपोआप तोंडातून निघालं. लहानपणी आमच्या वस्तीत नळावर जसं ओरडायचे, तसं.

“अबे ए! ठेव तो भाला खाली! पोरीचे ओठ निळे पडून राहिले, तुले दिसत नाई का? दार खोल, नाईतं तुह्या टोपासकट तुले इथंच गाडतो!”

टाळ्या थांबल्या. त्या पोथीतल्यासारख्या मराठीत कोणी मरायला टेकलं असतं तरी यांनी वाहवाच केली असती. भालाईताच्या तोंडावरचा मराठा सैनिक गळून पडला.

“कोन्तं दार, बाई? मांगचं?”

“हाव, मांगचं! लवकर!”

“आन लेकराले इकळे.” त्याने भाला फेकला, पाठीमागच्या रंगवलेल्या दगडाच्या खाचेत हात घालून कडी ओढली आणि पाठीने धक्का दिला.

बाहेर ऊन होतं. जनरेटर, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, धुराच्या रसायनाचे चार निळे कॅन. मी पायरीवर बसले, मैत्रीला पुढे वाकवून बसवलं, एकेक दाब दिला. थांबले. पुन्हा दिला. भालाईत आपल्या ढालीने तिला वारा घालत होता. एक मिशी सुटून लोंबत होती, खाली पांढऱ्या मिशा होत्या. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी त्याला ‘अबे’ म्हणाले होते.

“काका, रागानं बोलली मी.”

“बोलली म्हनून तं समजलं मले,” तो म्हणाला. “बारा वाजल्यापासून तीन बाया पाया पडल्या माह्या. खेळ म्हनून.” मग हळूच, “देवमन नाव हाये माह्यं. दार मी खोललं, हे सांगू नका कोनाले. काढतीन मले.”

तेवढ्यात मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात वॉकीटॉकी.

“दार कोणी उघडलं? आत उजेड शिरला, मॅडम! तीस जणांचा अनुभव खराब झाला. डिझायनरने एवढा अभ्यास करून...”

“मी उघडलं,” मी म्हणाले. “लाथ मारून.”

त्याने दाराकडे पाहिलं. कडी सरळ, चौकट शाबूत, रंगाचा कपचाही उडालेला नाही. माझ्या पायांत पातळ चप्पल.

“बरं, बरं,” तो म्हणाला. “आपण ते... आपण तुम्हाला पुढच्या वेळचे पास देऊ. आतले लोक विचारताहेत, तो आईचा प्रसंग किती वाजता असतो म्हणून.”

मला वेळ मोजायचा होता आणि माझं घड्याळ त्यांच्या कप्प्यात होतं. मी त्याचं घड्याळाचं मनगट धरून खाली ओढलं. तो कमरेतून वाकला.

“हे काय, मॅडम?”

“हलू नको. चूप बैस.”

त्याच्या सेकंदकाट्यावर एक डोळा आणि मैत्रीच्या छातीवर एक डोळा ठेवून मी एक मिनिट मोजलं. बेचाळीस श्वास. तिच्या वयाला पंचवीसच्या आत हवेत. मॅनेजरच्या कपाळावरून घाम ओघळून त्याच्या शर्टाच्या इस्त्रीत मुरत होता. प्रीतम माझ्या मागे उकिडवा बसला होता, सासूबाई पदराने मैत्रीचा घाम पुसत होत्या.

“गाडी दाराशी लाव,” मी प्रीतमला म्हणाले. “तीसच्या खाली नाही आले तर मूर्तिजापूरचा सरकारी दवाखाना.” तो पळाला.

“आई,” मैत्री शब्द तोडत म्हणाली, “पाणी.”

देवमनने खोका फोडला. मी मॅनेजरचं मनगट सोडलं नाही. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबले आणि श्वास पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.