पुढच्या रांगेसाठी विणलेला स्वेटर

मी एक निळा स्वेटर. कोपरांना विरलोय, पण ऐट गेलेली नाही हं! माझा जन्म दोनदा झाला, तेव्हा थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

पहिला जन्म पार फसला. मावशीनं मला भाचीसाठी विणलं. भाची अंगानं भरलेली, मान आखूड. गळा गोड, पण समूहगानात कायम मागच्या रांगेत, उंच माणसांच्या आड. माप घेते म्हटलं की पळायची. मग मावशीनं गुपचूप तिच्या जुन्या स्वेटरचं माप घेतलं. तो पोत्यासारखा ढगळ! त्यात मावशीच्या हौसेचे जाड आडवे पट्टे आणि बंद गळा. मला घालून भाचीनं आरशात पाहिलं.

"मावशी, मी पिंप दिसतेय गं." तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वेडाबाई, दोष नमुन्याचा आहे, तुझा नाही. महिनाअखेरीस एकटीनं पुढे उभं राहून गायचंय ना? ये इकडे. आता तुझंच माप घेते."

भाची डोळे घट्ट मिटून उभी राहिली. मग मावशीनं मला सरसर उसवलं. कितीतरी दिवस मी नुसता लोकरीचा गुंडा होतो. खिडकीतून ऊन यायचं, सुया टिकटिकायच्या आणि मला गुंगीतच कळायचं, आपण पुन्हा होतोय. या वेळी उभ्या वेण्या, व्ही गळा, खांद्यावर नेमका, कमरेशी टाके थोडे कमी.

कार्यक्रमाच्या दिवशी मला घालून भाचीनं वळून पाठसुद्धा पाहिली. "अगंबाई!" एवढंच म्हणाली. मी असा फुशारलो म्हणून सांगू!

ती पुढे आली. अंगावर दिवे. आता सगळे मलाच बघणार! आणि बाईसाहेबांना उकडायला लागलं. सगळ्यांसमोर तिनं मला डोक्यावरून ओढून काढलं, खुर्चीवर टाकलं आणि विस्कटल्या केसांनी, साध्या सुती सदऱ्यात गायला लागली.

मी रुसलो, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या कडव्याला रुसवा कुठे गेला कळलंच नाही. मावशी रडत होती. तीही माझ्याकडे बघत नव्हती.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असतो. मला घडी घालून कपाटात मात्र ठेवू नका, एवढी विनवणी आहे. गारठा पडला की ती मला कसंही अंगात चढवते आणि गुणगुणत बाहेर पडते. नवं गाणं सगळ्यांच्या आधी मला ऐकू येतं. छातीशी असतो ना मी.