दुभाष्याचं वाक्य

तीन वर्षांचं युद्ध थांबवायचं की नाही, हे शाळेच्या एका वर्गात ठरत होतं. लांब टेबलाच्या एका बाजूला आमचे सेनापती, दुसऱ्या बाजूला त्यांचे आणि टोकाला दुभाषा म्हणून माझे बाबा. दोन्ही भाषा येणारा माणूस गावात दुसरा उरला नव्हता. माझा थोरला भाऊ याच युद्धात गेला, त्याला चार महिनेही झाले नव्हते.

दुपारपर्यंत कैद्यांची अदलाबदल ठरली. मग सीमेवरून गाडं अडलं. त्यांचे सेनापती चिडून म्हणाले, "सांगा यांना, पळपुट्यांनी अटी घालू नयेत."



"काय म्हणतायत?" आमच्या सेनापतींनी विचारलं.

हे जसंच्या तसं सांगितलं तर बोलणी तिथेच मोडणार, हे बाबांना कळत होतं. खोटं सांगणंही त्यांच्या जिवावर आलं. ते समोरच्या सेनापतींकडे वळले आणि त्यांच्याच भाषेत म्हणाले, "साहेब, माझा मुलगा पळाला नव्हता. तुमचं वाक्य मी आहे तसंच सांगणार आहे. बदलायचं असेल तर आत्ता बदला."

सेनापतींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "सीमेचं उद्या बोलू. आज तोफा थांबवू."

बाबांनी तेवढंच सांगितलं. संध्याकाळी सह्या झाल्या.

घरी आईने विचारलं, "त्याचं नाव काढलंत तिथे?"

"नाव नाही काढलं. पण तो पळाला नाही, एवढं सांगून आलो."

भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच त्या रात्री आई आमच्याबरोबर पोटभर जेवली.